मिसेस हॅचरची टेम्पेस्ट

माझा नवरा वेंडेल आणि त्याची पॉन्टियाक जीटीओ यांची ओळख माझ्या आधीची. गाडी त्याने १९७० साली घेतली, लोखंडाच्या खाणीत लागल्यावर पहिल्या वर्षभराच्या पगारातून. मी आले १९७३ साली. लग्नानंतर काही वर्षं तर मला आपण सवत म्हणून आलोय असंच वाटायचं. बेताच्या अंगाच्या गाडीत आडदांड इंजिन बसवायची त्या काळी पद्धत होती, त्यातली ती. तिचा आवाज गावभर जायचा आणि मागे बसणाऱ्याची मान दोन दिवस दुखायची.

१९८१ मध्ये खाणीने निम्म्या माणसांना घरी बसवलं, त्यात वेंडेल होता. गाडीला पेट्रोल पाजणं परवडेना. मग त्याने ती मागच्या शेडमध्ये नेऊन उभी केली. "एका हिवाळ्यापुरती," म्हणाला. पुढे खाणीने त्याला परत घेतलं, आमच्या दोन मुली झाल्या, शिकल्या, मिशिगन सोडून गेल्या. गाडी तिथेच. तीस हिवाळे झाले. आमच्याकडे ऑक्टोबरपासून बर्फ, आणि ते वितळावं म्हणून रस्त्यावर मीठ टाकतात. ते मीठ तिच्या हाडांत आधीच मुरलेलं होतं, वर शेडचं छप्पर गळकं.

२०११ च्या मार्चमध्ये वेंडेल निवृत्त झाला आणि लगेचच्या सोमवारी त्याने शेडचं दार उघडलं. शेजारचा गॉर्डी बोनेट्टी आपली घडीची खुर्ची आणि कॉफीचा थर्मास घेऊन हजर झाला. काम करायला नाही, बघायला. मीही गेले. वेंडेलने गाडीखाली जॅक लावला आणि दांडा हलवायला लागला. जॅक वर चढत गेला, गाडी जागची हलली नाही. थोड्या वेळाने जॅकचं डोकं ड्रायव्हरच्या सीटशेजारी, गाडीच्या आत दिसायला लागलं.

गॉर्डीने शांतपणे घोट घेतला. "वेंडेल, जॅक तरी आत बसला. तू अजून बाहेरच."

तळ नव्हताच. नुसता गालिचा होता, तोही सवयीने जागेवर राहिलेला. डिकीत हात घातला तर खालचं गवत हाताला लागलं. चाकांवरचा पत्रा बिस्किटासारखा मोडत होता. धड होतं ते इंजिन, गिअरबॉक्स आणि नाक. त्या गाडीचा पुढचा बंपर रबरासारख्या कसल्याशा मऊ द्रव्याचा असतो, त्याला गंज चढत नाही.

"म्हणजे नाक आहे," मी म्हटलं, "आता त्या नाकासाठी गाडी करायची."

"दुसरी एक लागेल," वेंडेल म्हणाला. "दाता."

गाडीवाले असंच म्हणतात. त्याच बांध्याची, कोरड्या मुलखातली, बिनगंजाची गाडी आणायची आणि तिचे अवयव काढून आपल्या गाडीला लावायचे. जीटीओची साधी बहीण म्हणजे टेम्पेस्ट. पत्रा तोच, फक्त इंजिन लहान आणि स्वभाव गरीब.

"चांगली गाडी कापून वाईट गाडी नीट करायची?" मी विचारलं.

"ती टेम्पेस्ट, मार्लिस. ही जीटीओ."

"पत्रा सारखाच ना?"

"सारखाच."

"मग?"

"मग काय मग."

गॉर्डीने सोपा मार्ग सुचवला. जीटीओचं इंजिन उचलायचं, चांगल्या गाडीत ठेवायचं, आणि डॅशबोर्डवरची नंबराची पट्टी काढून इकडची तिकडे लावायची. कोणाला कळतंय. वेंडेलचे कान लाल झाले. ते बेकायदा आहे म्हणाला, आणि बेकायदा नसतं तरी ते खोटं आहे म्हणाला. जी गाडी आहे ती आहे, नसलेली गाडी आहे असं सांगणार नाही. इतकं लांबलचक भाषण त्याने आमच्या लग्नातही केलं नव्हतं. हे मी मुद्दाम सांगतेय, पुढे तोच माणूस काय करून बसला ते कळावं म्हणून.

जाहिरात मीच शोधली, कारण वेंडेल कंप्युटरवर एका बोटाने लिहितो आणि प्रत्येक अक्षरानंतर चष्मा पुसतो. १९६८ ची टेम्पेस्ट, दोन दरवाजांची, पहिल्यापासून एकाच मालकिणीकडे. न्यू मेक्सिकोत, टुकुमकारीच्या अलीकडे. पिकअपला ट्रेलर जोडून आम्ही तीन दिवस प्रवास केला.

मालकीण म्हणजे मिसेस ऑर्लीन हॅचर. वय चौऱ्याऐंशी, अंगाने काडी, केस मात्र नुकतेच सेट करून आणलेले. नजर मधोमध गेलेली होती. "समोरचा माणूस दिसत नाही मला," त्या म्हणाल्या, "त्याच्या कानामागची भिंत दिसते. मिस्टर कांगास, तुमच्या मागची भिंत रंगवायला झालीय." भिंत त्यांचीच होती.

गाडी छपराखाली उभी होती. लोण्याच्या रंगाची. आत चढावं तर काल शोरूममधून आल्यासारखी. वेंडेल खाली झोपला आणि लोहचुंबक अन् छोटी हातोडी घेऊन तळाखाली सरकला. टुक टुक आवाज येत राहिला. मिसेस हॅचर माझ्या शेजारी उभ्या राहून तो ऐकत होत्या. वेंडेल बाहेर आला तेव्हा त्याचा चेहरा असा झाला होता, की मुली जन्मल्या तेव्हाचा मला आठवला.

मग त्यांनी आम्हाला आत नेऊन जेवायला बसवलं. राजम्यासारख्या ठिपकेदार दाण्यांचं कालवण, मक्याचा पाव, आणि हिरव्या मिरचीचं काहीतरी, ज्याने गॉर्डी तिथेच वारला असता. जेवता जेवता त्यांनी किल्ली टेबलावर ठेवली.

"सकाळी पॅडल दोनदा दाबायचं. तिसऱ्यांदा दाबलंत की रुसते. चालवणार ना तुम्ही रोज?"

"नीट काळजी घेईन तिची," वेंडेल म्हणाला.

मी पावाचा तुकडा तोंडात घातला आणि तो संपेपर्यंत ताटाकडे बघत राहिले.

टेक्सास ओलांडून ओक्लाहोमा लागेपर्यंत मी खिडकीबाहेरचे विजेचे खांब मोजले. मग म्हटलं, "काळजी घेणार म्हणालास. कशाने? करवतीने?"

"मी खोटं नाही बोललो."

"नाही, खरं तर तू काहीच नाही बोललास. फक्त तोंड हलवलंस."

ट्रेलरवरच्या त्या लोणी रंगाच्या गाडीकडे आरशातून बघणं त्याने आयोवापर्यंत टाळलं. ट्रेलर ओढणाऱ्या माणसाला ते सोपं नसतं.

आम्ही पोहोचलो त्याच रविवारी फोन वाजला. मिसेस हॅचर. गाडी सुखरूप पोहोचली का, थंडीने कुरकुरते का. मी फोन पुढे केला. "घे, तुझ्या बाई." वेंडेलने दोन्ही हातांनी फोन धरला आणि "हो मॅडम, ठीक आहे मॅडम" एवढंच बोलला. पुढच्या रविवारी पुन्हा फोन. काल कुठे गेला होतात गाडीतून? वेंडेलने माझ्याकडे पाहिलं. मी भांडी घासत होते, घासतच राहिले.

"हार्डवेअरच्या दुकानात," तो म्हणाला.

गेला नव्हता. मग फोन ठेवून तो उठला, पॅडल दोनदा दाबून टेम्पेस्ट सुरू केली, आणि रविवारी बंद असलेल्या हार्डवेअरच्या दुकानापर्यंत जाऊन परत आला. दिवस चुकला, पण वाक्य खरं झालं म्हणाला.

तिथून ती सवयच पडली. रविवारी सांगायला काहीतरी हवं म्हणून शनिवारी गाडी बाहेर काढायची. आधी तो एकटा जायचा. मग मी जायला लागले. मग मी एकटी जायला लागले. टेम्पेस्टला दोनच गिअर, तेही आपोआप पडणारे, आणि आवाज शिलाई मशीनएवढा. मी वाचनालयात गेले, चर्चच्या बाजारात नीसूच्या गोड पावाच्या लाद्या घेऊन गेले, सरोवराकाठी गेले आणि काच खाली करून नुसती बसले. चाळीस वर्षांत वेंडेलच्या कुठल्याही गाडीने मला गप्प बसू दिलं नव्हतं.

"बकऱ्याला नाव ठेवलंत तुम्ही," गॉर्डी म्हणाला. "आता कापणार कोण?"

मे गेला, जून गेला. जीटीओ शेडमध्ये लाकडी ठोकळ्यांवर होती, तिचं इंजिन बाहेर काढून वेंडेलने पार घासूनपुसून ठेवलं होतं. गाडीला हात लावायची वेळ आली की त्याला छपराची, कुंपणाची, माझ्या शिवणकामाच्या कपाटाची कामं आठवायची. त्या उन्हाळ्यात आमच्या घराची जेवढी डागडुजी झाली तेवढी बांधल्यापासून झाली नव्हती.

सप्टेंबरच्या शेवटी मिसेस हॅचरनी विचारलं, "आता तुमच्याकडे बर्फ पडणार. मिठाच्या रस्त्यावर नाही ना काढणार तिला? कुठे ठेवणार?"

वेंडेल उभा होता तो खुर्चीवर बसला. मी नळ बंद केला.

"मिसेस हॅचर," तो म्हणाला, "मी ती चालवायला नाही घेतली. माझी एक जुनी गाडी आहे. गंजलीय. तिला तळ लावायचाय. तुमच्या गाडीचा." थांबला. "डिकीपण. आणि मागचे दोन्ही पत्रे. मी तेव्हाच सांगायला हवं होतं."

 पलीकडून आवाज आला, मला लांबूनही ऐकू गेला. त्या हसत होत्या.

"एकतीस वर्षं मी टेलिफोन एक्स्चेंजमध्ये बसले, मिस्टर कांगास. माणूस फोनवर गिळतो केव्हा आणि बोलतो केव्हा ते मला कळतं. आणि तुम्ही तर गाडीखाली शिरलात तेव्हाच कळलं. जो चालवणार असतो तो आधी सीटवर बसून बघतो. तुम्ही खाटकासारखे बरगड्या चाचपत होतात."

"मग दिलीत का?"

"माझा पुतण्या ती भंगारात घालणार होता. तिकडे गेली असती तर सगळीच गेली असती. तुमच्याकडे निम्मी तरी राहील."

"मग इतके महिने फोन कशाला केलात?"

"बघत होते, किती दिवस टिकताय. मला वाटलं होतं जुलैत फुटाल." आणि मग लगेच, "काय काय घेणार आहात ते लिहिलंय का? वाचा."

वेंडेलने खिशातून कागद काढला आणि वाचला. त्यांनी एकेका वस्तूला हुं म्हटलं. घड्याळाशी अडवलं. "ते नका घेऊ. १९७४ पासून बंद आहे, तुमच्या गाडीची वेळ बिघडेल." फोन ठेवण्याआधी त्या म्हणाल्या, "आणि आता मी तुला वेंडेल म्हणणार. खोटारड्याला मिस्टर म्हणायची माझ्यावर पाळी होती, ती संपली."

त्याने फोन ठेवला आणि पाच महिन्यांनी पहिल्यांदा पोटभर जेवला. मांस-बटाटा भरलेल्या दोन पेस्टी खाल्ल्या आणि माझ्या ताटातला बटाटाही उचलला.

कापायचा दिवस आला तेव्हा मात्र त्याचा हात चालेना. सीटा काढून झाल्या, गालिचा निघाला, खाली तळ लखलखीत. ड्रिल हातात घेऊन तो तीन वेळा कॉफी प्यायला आत आला. चौथ्यांदा आला तेव्हा मी म्हटलं, "दे इकडे."

"तुला येतं?"

"तुला येतंय पण तू करत नाहीस. मला येत नाही, पण मी करीन. दोघं मिळून होईल."

गाडीचा तळ खालच्या पट्ट्यांना ठिकठिकाणी वितळवून चिकटवलेला असतो, वाटाण्याएवढ्या ठिपक्यांनी. त्यातला वरचाच पत्रा कोरायचा, खालच्याला धक्का लावायचा नाही. मी गुडघ्यावर बसले, पहिल्या ठिपक्यावर ड्रिल टेकवलं आणि दाबलं. लोणी रंगाचा कीस उडाला. त्या गाडीतून मी सरोवरावर गेले होते. डोळ्यांवर चष्मा होता म्हणून बरं.

"जास्त खोल नको जाऊस," वेंडेल मागून म्हणाला.

"अडतीस वर्षांत मी कधी जास्त खोल गेलेय?"

त्याने यावर विचार केला आणि दुसऱ्या बाजूने सुरुवात केली.

दोन हिवाळे ते काम चाललं. ठिपके कोरण्यात माझा हात बसला, वेंडेलपेक्षा जास्त बसला. त्याच्या हाताला कंप यायला लागला होता, हे त्याने मला सांगितलं नव्हतं आणि मीही त्याला विचारलं नाही. वेल्डिंग तो करायचा, दोन्ही कोपरं टेकवून. गॉर्डी खुर्चीत बसून हिशेब ठेवायचा. "तळ तिचा, डिकी तिची, दरवाजे तिचे, मागचं सगळं तिचं. जीटीओमध्ये जीटीओ उरली किती?"

"इंजिन, गिअर, नाक आणि नंबर," वेंडेल सांगायचा.

"आणि कटकट," मी भर घालायचे.

रविवारचे फोन चालूच होते. "माझी गाडी कशी आहे?" मिसेस हॅचर विचारायच्या. "तुमची की माझी?" वेंडेल विचारायचा, आणि मग त्यांची अर्धा तास जुंपायची. जीटीओला त्याने पूर्वीचाच गडद हिरवा रंग दिला, पण डिकी आतून लोणी रंगाचीच ठेवली. जुन्या गाड्यांच्या प्रदर्शनात त्याबद्दल गुण कापतात. कापू देत म्हणाला.

टेम्पेस्टचा उरलेला सांगाडा दुसऱ्या हिवाळ्यानंतरच्या मे महिन्यात भंगारवाल्याने नेला. त्या दिवशी वेंडेलला अचानक मासे पकडायला जावंसं वाटलं. मी दारात उभी राहिले. नाक, छप्पर आणि ते बंद घड्याळ, एवढं ट्रकवर चढलं आणि गेलं. संध्याकाळी वेंडेल आला तो एकही मासा न घेता. गळ बाहेर काढल्याचंही काही चिन्ह नव्हतं.

जूनमध्ये आम्ही जीटीओ घेऊन न्यू मेक्सिकोला निघालो. ट्रेलरवर नाही, चालवत. वेंडेल तीन दिवस वीस वर्षांच्या पोरासारखा बसत होता आणि साठीतल्या माणसासारखा उतरत होता.

मिसेस हॅचर आता शहाऐंशीच्या. आम्ही वळणावर असतानाच दारात येऊन उभ्या होत्या. "गाडी आली की वादळ आलं?" त्या म्हणाल्या. "माझी कधी अशी ओरडत नव्हती." मग जवळ येऊन त्यांनी दरवाजावरून हात फिरवला, कडेने खाली, पुन्हा वर, आणि हँडलखाली एका जागी थांबल्या. "इथे एक पोचा होता. चर्चच्या फाटकाचा."

"काढला मी तो," वेंडेल म्हणाला.

"आगाऊ आहेस."

डिकीच्या रंगाचं त्याने सांगितलं. त्यांनी मान थोडी तिरकी केली, जिकडून दिसतं तिकडून बघायला. दिसलं की नाही कोण जाणे, पण त्या झाकण बंद करू देईनात. बऱ्याच वेळाने म्हणाल्या, "चला, केस सेट करायला जायचंय. अकराची वेळ घेतलीय."

त्या पुढे बसल्या, मी मागे. गावाबाहेरचा रस्ता सरळ, डोळा पोचेल तिथपर्यंत रिकामा. वेंडेलने पहिला गिअर टाकला, दुसरा टाकला. तिसऱ्याला मिसेस हॅचरनी हात पुढे करून दांडा पकडला.

"उशीर करतोस तू. ती केव्हाची मागतेय."

"मॅडम, हे गिअर हाताने—"

"वडिलांच्या धान्याच्या ट्रकवर मी बाराव्या वर्षी शिकले. त्या टेम्पेस्टमध्ये हाताला कामच नव्हतं म्हणून विसरले असेन असं वाटलं तुला? गाडी थांबव. पुन्हा पहिल्यापासून. पाय तुझे, हात माझा. मी 'आता' म्हटलं की क्लच दाबायचा."

वेंडेलने आरशातून माझ्याकडे पाहिलं. मी खिडकीबाहेर बघत होते.

"आता," त्या म्हणाल्या. दांडा खाली आला, लोण्यातून सुरी गेल्यासारखा. "आता." इंजिनाचा स्वर चढत गेला आणि जिथे तो फाटेल असं वाटायचं त्याच्या केसभर आधी त्या म्हणायच्या, "आता." एकदाही खरखर झाली नाही. डोळे त्यांनी मिटलेलेच ठेवले होते. मान सीटला आपटून मला तारे दिसत होते, पण खरं सांगते, गेल्या चाळीस वर्षांत ती गाडी कधी इतकी सुरेल बोलली नव्हती. वेंडेलच्या कानाच्या पाळ्या हळूहळू लाल झाल्या.

केशकर्तनालयाच्या दारात आम्ही वीस मिनिटं लवकर पोहोचलो.

"पाय बरे आहेत तुझे," त्या उतरताना म्हणाल्या.

चार दिवस राहिलो. रोज सकाळी त्यांना कुठेतरी जायचं असायचं: पोस्टात, बँकेत, एका मैत्रिणीकडे, जी त्यांना फारशी आवडतही नव्हती पण जिचं घर बारा मैलांवर होतं. चौथ्या दिवशी वेंडेलने हात आपणहून मांडीवर ठेवला आणि "आता"ची वाट बघत बसला.

परतीच्या रस्त्यावर कॅन्ससमध्ये, रिकामा सरळ रस्ता लागला तसा तो जरा घुटमळत म्हणाला, "मार्लिस, तू करून बघतेस का? तिच्यासारखं?"

मी दांडा धरला. कान लावला. इंजिन काहीतरी सांगत होतं, काय ते कळत नव्हतं.

"आता," मी म्हटलं आणि ओढला. गाडीच्या पोटातून असा आवाज आला, की पलीकडच्या शेतातल्या गाईंनी माना वर केल्या.

वेंडेलने जबडा आवळला. एक मैल गेला, दुसरा गेला. 

"बोल," मी म्हटलं.

"काही नाही," तो म्हणाला. "छान. पुन्हा कर."